दुसरा नमुना

६ जानेवारी २०२५, सोमवार

सुनीताला जाऊन आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. दिवसकार्य उरकून सई पुण्याला परतली, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. खुर्चीत बसलो की उठावेसे वाटते. उठल्यावर कशासाठी उठलो ते आठवत नाही. म्हणून ही नवी वही सुरू केली आहे.

तळोज्याच्या एका औषध कारखान्यात मी एकतीस वर्षे गुणनियंत्रण विभागात होतो. बिघाड झाला की प्रथम घटनाक्रम लिहावा आणि मत नंतर बनवावे, अशी तेथील शिस्त होती. त्याच शिस्तीने लिहितो.

सुनीताचा मृत्यू न्यूमोनियाने झाला. वय अठ्ठावन्न. ताप आल्यापासून पाचव्या दिवशी ती गेली. न्यूमोनियाची लस तिने नऊ महिन्यांपूर्वीच घेतली होती, पनवेलच्या बाजारपेठेतील एका विश्वस्त संस्थेच्या दवाखान्यात. त्याच दवाखान्यात २०२३ साली आम्ही दोघांनी कावीळ-बीची लस तीन खेपांत घेतली. दोघांनी मिळून घ्यावी हा तिचाच आग्रह होता. काल तिची फाइल लावताना त्या वर्षाच्या ऑक्टोबरमधील एक अहवाल हाती लागला. कावीळ-बीविरुद्धची प्रतिपिंडे (अँटीबॉडीज): दहा एककांहून कमी. म्हणजे तीन वेळा टोचूनही लस तिला लागू पडली नव्हती.

याचा अर्थ एकच होतो. लस खराब होती. एक लस नीट ठेवली गेली नसेल, तर दुसरीही, म्हणजे न्यूमोनियाची, नीट ठेवली असेल असे मानण्यास आधार नाही.

जुन्या वहीत माझी नोंद आहे. दुसऱ्या खेपेस वीज गेली होती आणि परिचारिका मनिषा वाघे हिने लसींची पेटी शीतकपाटाबाहेर टेबलावर ठेवली होती. घड्याळ लावून बारा मिनिटे. शिवाय तिन्ही खेपांना तिने मला एक सुई दिली आणि सुनीताला दोन, प्रत्येक दंडात एक. मी विचारले तेव्हा सुनीताच म्हणाली, “अहो, बायकांना देतात तसं.” त्या वेळी मी ते सोडून दिले. तसे करायला नको होते.

तक्रारीचा मसुदा चार पानांचा झाला आहे.

७ जानेवारी, मंगळवार

दवाखान्याच्या विश्वस्त संस्थेकडे तक्रार दिली. आवक क्रमांक घेतला. पोच न देता नुसते “ठेवून जा” म्हणत होते.

११ जानेवारी, शनिवार

सईचा दूरध्वनी. तिला तक्रार वाचून दाखवली. दोन सुयांच्या परिच्छेदापर्यंत आलो तेव्हा तिने मला मध्येच थांबवले. मग म्हणाली, “बाबा, ते सोडा ना. आईला आवडलं असतं का हे?”

मी म्हणालो, प्रश्न आवडीचा नसून जबाबदारीचा आहे. ती रडू लागली. या वयातील मुलांना दुःख भावनेने भोगता येते, त्याचा पाठपुरावा करता येत नाही. फोन मीच ठेवला.

१६ जानेवारी, गुरुवार

विश्वस्त संस्थेचे सचिव मितेशभाई यांनी बोलावले होते. बाजारात त्यांचे धान्याचे दुकान आहे. बोलणे मिठ्ठास, हात सतत कामात. म्हणाले, “काका, तुमच्या तक्रारीची वेगळी फाइल केलीय. आमच्या ट्रस्टच्या घटनेपेक्षा जाड झाली.” मी हसलो नाही.

परिचारिकेला त्यांनी चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केले आहे. त्यांच्या सांगण्यानुसार शीतकपाटाच्या तापमानाची वही तिने दाखवली, ती बरोबर भरलेली होती. दोन सुयांचे कारण मात्र तिला सांगता आले नाही. प्रथम म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी होती. कुठे आहे विचारल्यावर म्हणाली, हरवली. कोणत्या डॉक्टरांची, यावर गप्प.

“आदिवासी वाडीतली मुलगी,” मितेशभाई म्हणाले, “आम्हीच शिकायला मदत केलेली. कामाला चोख. पण अशी गप्प बसली तर आम्ही काय करणार, सांगा.”

दोषी माणूस चिठ्ठी हरवली असेच सांगतो. कारखान्यात हे मी अनेकदा पाहिले आहे. सुनावणी १५ फेब्रुवारीला.

परत येताना समाधान वाटावयास हवे होते. बाजारातून तीन फेऱ्या मारल्या. काय आणावयाचे होते ते आठवेना.

२१ जानेवारी, मंगळवार

डॉ. चारुता यांच्याकडे गेलो. थायरॉइडसाठी सुनीता चार वर्षे दरमहा त्यांच्याकडे जात असे. लसींचा सल्लाही त्यांचाच. खराब लसीबद्दल त्यांनी तज्ज्ञ म्हणून दोन ओळी लिहून द्याव्यात, एवढीच माझी विनंती होती.

त्यांनी तक्रार संपूर्ण वाचली आणि परिचारिकेचे नाव दोनदा विचारले. तिला घरी बसवले आहे हे सांगितल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पत्र देणार नाही म्हणाल्या. कारण विचारले तर, थोडे दिवस थांबा. डॉक्टर डॉक्टरांनाच सांभाळून घेतात हे ठाऊक होते. परिचारिकांनाही घेतात हे आज कळले.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज तीन पत्रे लिहिली. एक जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, एक लस बनवणाऱ्या कंपनीला, एक पुन्हा विश्वस्तांना. लिहीत असेपर्यंत बरे वाटते.

दुपारी तिचे सर्व अहवाल तारखेनुसार लावले. २०२० सालच्या अहवालात रक्तातील ग्लोब्युलिन ५.१ आहे, मर्यादेहून बरेच वर. शेजारी माझ्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेले आहे: प्रथिने उत्तम. ते वर्ष ती सारखी थकत असे. मी तिला अहवाल दाखवून म्हणालो होतो, की कागदावर तू माझ्याहून सुदृढ आहेस. ती “बरं” म्हणाली होती.

त्याच सुमारास तिने आपला नेलकटर वेगळा केला. विळीवर बोट कापले तर मला पट्टी बांधू देत नसे. “तुमचा हात जड आहे” म्हणे. मला ते लागले होते. तेव्हा बोललो नाही.

२९ जानेवारी, बुधवार

डॉ. चारुतांनी स्वतः फोन करून बोलावले. मी तिन्ही पत्रांच्या प्रती घेऊन गेलो. त्यांनी त्या हातात घेतल्या नाहीत.

म्हणाल्या, “अविनाशराव, तुम्ही आल्यापासून लसीला काय झालं होतं हे विचारताय. सुनीताताईंना काय झालं होतं, हे एकदाही विचारलं नाहीत.”

मी म्हणालो, न्यूमोनिया. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग, कागद पुढे ढकलावा तसा, मी तो प्रश्न विचारला.

त्यांनी खणातून एक पाकीट काढले. सुनीताचे अक्षर होते. माझ्या पश्चात माझ्या पतीने स्वतः होऊन विचारल्यास त्यांना सर्व सांगावे. न विचारल्यास सांगू नये. खाली स्वाक्षरी, तारीख. “विचारल्यास” या शब्दाखाली रेघ होती.

सुनीताला एचआयव्हीचा संसर्ग होता. निदान २०२० च्या अखेरीस झाले. कोठून आला हे निश्चित सांगता येत नाही. २००९ साली तिची गर्भाशयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या होत्या, कदाचित त्यातून. तपासलेल्या रक्तातही क्वचित निसटतो, असे त्या म्हणाल्या. थायरॉइड नव्हताच. ती रोज रात्री नऊला जी गोळी घेत असे, ती या आजाराची होती. गोळ्या सुरू झाल्यावर सहा महिन्यांत विषाणू रक्तात मोजता येईनासा झाला. शेवटपर्यंत तो तसाच दबलेला होता.

दोन सुयांची चिठ्ठी डॉ. चारुतांचीच होती. या आजारात लस नीट लागत नाही, म्हणून दुप्पट मात्रा देतात. चिठ्ठीत कारण लिहिलेले होते.

मी विचारले, “म्हणजे परिचारिकेला माहीत होते?”

“पहिल्या दिवसापासून.”

त्यांनी मला माझी तपासणी करून घेण्यास सांगितले. मी पाहतो म्हणालो. पत्रांच्या प्रती त्यांच्याकडेच राहिल्या.

३० जानेवारी, गुरुवार

सईला फोन केला. तिला चार वर्षे ठाऊक होते.

३ फेब्रुवारी, सोमवार

तीन दिवस काही लिहिले नाही. खाडीपर्यंत चालत जाणे आणि परत येणे, दिवसातून दोनदा. २००९ नंतर आमचे सहजीवन बहुतांशी संभाषणापुरतेच उरले होते. तिची पाठ दुखते म्हणून तिने खोली वेगळी केली. मी ते कारण नोंदवले आणि मान्य केले. संभाषणही बव्हंशी माझेच असे, हे आता ध्यानात येते.

कोणाकडून, केव्हा, हे प्रश्न डोक्यात घोंगावतात. दोन दिवस मी तिच्या आयुष्याचा घटनाक्रम मांडण्याचा प्रयत्न केला आणि थांबलो. ती चौकशी मी करणार नाही.

दुसरा प्रश्न मात्र विचारता येण्याजोगा होता, म्हणून पुन्हा डॉ. चारुतांकडे गेलो. विषाणू दबलेला होता, तर लस का लागली नाही?

त्यांनी कागदावर एक गाठ काढली. काखेत, मानेत असते तशी लसीकागाठ. त्यांचे म्हणणे मला समजले तसे लिहितो. हा विषाणू शिरतो तो मुख्यतः टी पेशींत. प्रतिपिंडे बनवतात त्या बी पेशी. त्यांच्यात तो सहसा शिरत नाही, पण त्यांना स्वस्थही बसू देत नाही. एरवी बी पेशी शत्रू दिसल्यावरच जागी होते. मग ती या गाठीत येऊन आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात बारीक बदल करत जाते, आणि मदतनीस टी पेशी त्यातून नेमका जुळणारा बदल निवडतात. निवडलेल्या पेशींतून काही स्मृतिपेशी होतात. वर्षानुवर्षे त्या लक्षात ठेवतात.

“ताईंच्यात हे सगळंच विस्कटलं होतं,” त्या म्हणाल्या. “बी पेशी सतत चाळवलेल्या. प्रतिपिंडाची जनुकं दिवसरात्र चालू. प्रतिपिंडं ढिगानं, पण नेमकी कशाच्याही विरुद्ध नाहीत. निवड करणाऱ्या पेशी संख्येनं असल्या तरी कामाच्या राहिल्या नाहीत. लक्षात ठेवणाऱ्या पेशी घटल्या, थकलेल्या वाढल्या. औषधांनी विषाणू दबतो, पण उपचार उशिरा सुरू झाले तर गेलेली स्मृती पुरती परत येत नाही.”

मी २०२० चा अहवाल पुढे केला. ग्लोब्युलिन ५.१. प्रतिपिंडे याच प्रथिनांत मोजली जातात. त्यांनी पेन्सिलची नोंद वाचली आणि अहवाल परत माझ्याकडे सरकवला.

“म्हणजे उत्पादन भरपूर,” मी म्हणालो, “आणि काय बनवायचे याचा विनिर्देश कोणताच नाही.”

“तुमच्या भाषेत तसंच.”

हा अहवाल मी वाचला होता. मर्यादेबाहेरचा आकडा मी पाहिला होता. त्या आकड्याबद्दल मी तिचे अभिनंदन केले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

विश्वस्तांना पत्र लिहिले आहे. लस सदोष नव्हती. माझ्या पत्नीस अमुक आजार होता, म्हणून दुप्पट मात्रा वैद्यकीय सल्ल्यानेच देण्यात आली. सबब परिचारिका निर्दोष आहे. एक पान. यात एकही शब्द खोटा नाही. नऊ दिवसांनी सुनावणी आहे आणि एका निरपराध व्यक्तीची नोकरी माझ्यामुळे जाणार आहे. याखेरीज मार्ग दिसत नाही. आजाराचे नाव लिहिताना पेन दोनदा उचलला.

सादर करण्यापूर्वी तिला दाखवणे योग्य होईल.

८ फेब्रुवारी, शनिवार

पेणच्या एसटीने कर्नाळ्याला उतरलो. पक्ष्यांच्या अभयारण्यावरून पुढे गेल्यावर डोंगराच्या अंगाला तिची वाडी आहे, वीस-पंचवीस घरांची. मनिषा घरी नव्हती. पगार बंद झाल्यापासून वालाच्या शेंगा तोडायला रोजाने जाते. वडील शुक्रा हंगामभर वीटभट्टीवर असतात. आई चिंधी अंगणात होती. तिने मला नखशिखान्त पाहिले आणि विचारले, “इंजेक्शनवालं सायेब तुमीच काय?”

मी होय म्हणालो. पत्र माझ्या हातात होते.

“एका कागदानं पोरीला घरी बसवली. आता ह्यो दुसरा कागद कसला आनलाय?”

तरीही तिने मला खाट दिली आणि पाणी दिले. मनिषा आल्यावर मी पत्र तिच्या हाती ठेवले. ती उभ्यानेच वाचू लागली. आजाराच्या नावापाशी तिचे डोळे थांबलेले मला दिसले. तिने कागद चार घड्या करून माझ्या हातात परत दिला.

“साहेब, हे देऊ नका.”

मी समजावले. कायद्याने तिला बोलता येत नसेल, पण मला येते. मी पती आहे. पत्नी हयात नाही. नोकरी वाचवण्याचा हा एकमेव सरळ मार्ग आहे.

“ताई गेल्या, म्हनून त्यांचं नाव कुनाचं पन झालं काय?” ती म्हणाली. “कागद मितेशभाईंच्या टेबलावर पडनार. तिथून शिपायाकडं, तिथून मार्केटात. मी त्यांना शब्द दिलाय. कायदा नंतर, शब्द पयला दिलाय.”

“मग तुमची नोकरी जाईल.”

“दुसरीकडं बघीन.”

“कुठं बघशील?” चिंधी मध्येच म्हणाली. “वाडीत शिकलेली तू एकटी. चोरीचा शिक्का घेऊन कुठं बघशील?” तिला आजाराचे काही ठाऊक नव्हते. मुलगी घरीही बोललेली नव्हती. चोरीचा आरोप नाही, असे मी सांगू लागलो. चिंधी म्हणाली, वाडीला दुसरा आरोप ठाऊक नाय, सायेब, कामावरून काढली म्हंजे चोरीच.

निघताना मनिषा थांब्यापर्यंत आली. महामार्गावर गाड्या धडधडत होत्या. बोलणे शक्यच नव्हते आणि ते बरे वाटले. एसटी आल्यावर तिने हात करून ती थांबवली, जणू मी तिचा रुग्ण आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळपासून येरझारा. पत्र दिले तर सुनीताशी दगा. न दिले तर या मुलीशी. तक्रार कारण न सांगता मागे घेतली, तर मितेशभाई म्हणतील की तिने मला हातापाया पडून वळवले. डाग तसाच राहील. चिठ्ठी आपली होती असे डॉ. चारुतांनी सांगितले, तर कारण विचारले जाणारच.

दुपारी जुनी तक्रार पुन्हा वाचली. दुसऱ्याच्या चुका शोधतो तशी वाचली. तिसऱ्या पानावर थांबलो.

कारखान्यात सुशांत नावाच्या कनिष्ठाने एकदा एका नमुन्यावरून औषधांचा पूर्ण घाणा, म्हणजे बॅच, नापास ठरवला होता. मी त्याला सर्वांदेखत झापले होते. एका नमुन्यावर निर्णय देऊ नये; त्याच घाण्यातला दुसरा नमुना तपासावा. दुसरा उत्तीर्ण झाला तर दोष घाण्यात नाही, पहिल्या नमुन्याच्या बाबतीत काही वेगळे घडले. एवढे साधे तत्त्व. माझ्या तक्रारीत नमुना एकच होता: सुनीताचे रक्त.

आणि त्याच दिवशी, त्याच पेटीतून, त्याच हाताने लस घेतलेला दुसरा माणूस ती तक्रार लिहीत होता. माझी प्रतिपिंडे कोणी मोजलेली नाहीत. मीही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी प्रयोगशाळेत रक्त दिले. अर्जावर कावीळ-बीच्या प्रतिपिंडांपुढे खूण केली. खालच्या ओळीत एचआयव्ही होते. डॉ. चारुतांनी सांगून बारा दिवस झाले आहेत आणि या बारा दिवसांत मी खाडीपर्यंत चोवीस वेळा चालत गेलो आहे. तेथेही खूण केली. संमतीची स्वाक्षरी वेगळी लागते. केली.

त्यांनी समुपदेशकाकडे बसवले. त्या मुलीने विचारले, घरी कोणाशी बोललात का? मी म्हणालो, घरी कोणी नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कावीळ-बीविरुद्ध प्रतिपिंडे: ३४६. लस उत्तम होती. बारा मिनिटांनी तिचे काही बिघडले नव्हते.

दुसरा अहवाल निगेटिव्ह.

दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर ठेवून बराच वेळ उभा राहिलो. आनंद व्हावयास हवा होता. ती चार वर्षे रोज नऊ वाजता माझ्यासमोर पाण्याचा पेला घेऊन उभी राहात असे, आणि त्या वेळी मी बातम्या ऐकत असे. घरातल्या त्या आजारातले माझ्या वाट्याला काहीच आलेले नाही.

विश्वस्तांना लिहिलेले पत्र फाडले. तुकडे पुरेसे लहान आहेत याची खात्री केली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुनावणी अकराला दवाखान्यातच होती. मितेशभाई, त्यांच्याशेजारी वयोवृद्ध विश्वस्त तुळशीरामजी, टेबलाच्या टोकाला मनिषा. ती दवाखान्याचा पांढरा गणवेश घालून आली होती. घालण्याची परवानगी आहे की नाही, हे कोणी विचारले नाही.

मी माझा अहवाल सादर केला. घाण्याचा क्रमांक, तारखा, आकडा. लस योग्य होती, साठवण योग्य होती. काही व्यक्तींमध्ये लस लागत नाही, हे मी विचारात घेतले नाही, ही माझी चूक. न्यूमोनियाच्या लसीवरचा आरोपही याच चुकीवर उभा होता. सर्व मागे घेत आहे. हे मी ठरवल्याप्रमाणे बोललो.

तुळशीरामजी समाधानी दिसले. मितेशभाई नव्हते. “लसीचं मान्य, काका. पण डबल डोस? तो तर तिनं दिलाय, रजिस्टरमध्येच आहे. चिठ्ठी नाही, कारण नाही. उद्या कोणाला काही झालं तर ट्रस्ट कुठं तोंड दाखवणार?” मग आवाज उतरवून, “वहिनींना काही आजार वगैरे होता का? असेल तर सांगून टाका. विषय संपेल.”

मनिषा टेबलाकडे पाहत होती. मी तयार केलेल्या टिपणात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. खरे म्हणजे मी तो प्रश्न येणारच नाही असे धरले होते. इतका मी मूर्ख आहे.

“आजार नव्हता,” मी म्हणालो. “दुप्पट मात्रा माझ्या आग्रहाने दिली.”

मग ते आपोआप येत गेले. पन्नाशीनंतर बायकांना दुप्पट लागते असे मी कोठेतरी वाचले होते. परिचारिकेने नकार दिला. मी औषध कारखान्यातला माणूस आहे, तुझी तक्रार करीन, अशी धमकी दिली. ती घाबरली. तिन्ही खेपांना असेच झाले. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. माझे नाव येऊ नये म्हणून तिने चिठ्ठीचे सांगितले असावे.

तुळशीरामजींनी कानामागे हात धरला होता. “धमकी तुम्ही दिलीत. आणि तक्रारही तुम्हीच केलीत?”

“होय.”

“अहो, पण का?”

“पत्नी गेल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही.”

त्यातले एवढे एक वाक्य खरे होते.

मितेशभाईंचा चेहरा लाल झाला. काका म्हणणे त्यांनी तेथेच सोडले. “मिस्टर, एका गरीब मुलीचा महिना खाल्लात तुम्ही.” मग तिच्याकडे वळून, हे खरे आहे का, असे विचारले. ती माझ्याकडे पाहू लागली. इतका वेळ कोणी माझ्याकडे पाहिल्याचे मला आठवत नाही.

“साहेब सांगतात तसंच हाय,” ती म्हणाली.

निर्णय: ती सोमवारपासून कामावर, दबावाखाली मात्रा दिल्याबद्दल समज, थांबलेला पगार मिळेल. मी लेखी माफी द्यावी, ती फलकावर लागेल, आणि यापुढे मी त्या दवाखान्याची पायरी चढू नये. माफी तेथेच बसून लिहिली. त्यात पाच विधाने खोटी आहेत. खाडाखोड झाली नाही.

बाहेर आलो तर ती पायऱ्यांवर उभी होती. बाजार भरलेला, भाजीवाल्यांचा ओरडा, रिक्षा. मी तिची क्षमा मागावी म्हणून शब्द जुळवत होतो. तीच आधी बोलली.

“मी ताईंना लई वेळा म्हनलं, साहेबांना सांगा म्हनून. त्या म्हनायच्या, त्यांना सांगितलं तर ते जपतील मला, पन उद्या कुनी विचारलं तर त्यांना खोटं बोलता येनार नाय. येत नाय त्यांना.” ती थांबली. “म्हनून नाय सांगितलं त्यांनी.”

मी पायरीवर बसलो. चढू नये असे त्यांनी सांगितले होते. बसण्याविषयी काही म्हटले नव्हते. तीही एक पायरी सोडून बसली. मी तिला विचारले की सुनीता आणखी काय म्हणायची. डॉ. चारुतांकडून दरमहा गोळ्या घेऊन झाल्या की सुनीता मनिषाच्या टेबलाशी येऊन बसत असे, असे तिने सांगितले, आणि मग एकेक सांगत गेली. दुपारी दोनपर्यंत सांगत होती. मध्येच एकदा हसली, मीही हसलो.

ती काय म्हणाली ते येथे लिहीत नाही.